आसरांचा झरा आणि धाकटी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे चौथीत बाईंनी शिकवलं तेव्हाही नीट कळलं नव्हतं, आणि त्यानंतर शाळाच सुटली. अक्षरही वाईट आहे. भाकऱ्या थापून बोटं जाड झालीत, पेन धरलं की अवघडतात. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच तर आधीच माफी मागते. अक्षर लागलं नाही तर सोडून द्यावं, पण हसू नये.

लिहायचं आहे ते धाकटीबद्दल. धाकटी म्हणजे माझी जाऊ, धाकट्या दिरांची बायको. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. आता त्याला गाव कोण म्हणतं? तिन्ही बाजूंनी शहराचे सेक्टर आलेत, चौथ्या बाजूला डोंगर आहे म्हणून तेवढी बाजू उरली. शेतं माझ्या लग्नाआधीच शहरासाठी गेली. सासऱ्यांनी बांधलेल्या घरात खाली आम्ही राहतो, वर दीर राहतात. माझे मालक टेम्पो चालवतात. दिरांची बांधकामाची छोटी ठेकेदारी आहे, बरी चालते. मी तांदळाच्या भाकऱ्या करून खानावळीला देते.

डोंगरावर अर्ध्या वाटेत आसरांचा झरा आहे. कातळाच्या फटीतून पाणी येतं, खाली हातभर खोल कुंड आहे आणि कुंडाच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. चैत्रात गावातल्या बायका वर जाऊन त्यांची ओटी भरतात. पहिली ओटी आमच्या घराची. सासूबाई भरायच्या. गुडघ्यांनी दगा दिला त्या वर्षी त्यांनी झऱ्यापाशी सगळ्यांसमोर ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आता हीच भरंल. थोरली हाय."

मी चार माणसांत बोलू शकत नाही. लहानपणापासून तशीच आहे. हळदीकुंकवाला गेले तरी दाराजवळची जागा बघून बसते, नाव घे म्हणाले की घाम फुटतो. पण चैत्रातल्या त्या एका दिवशी मी पुढे असायची आणि सगळ्या बायका माझ्या मागे. तिथे बोलावं लागत नसे. फक्त खण, नारळ, तांदूळ, हळद, कुंकू, बांगड्या. माझं असं म्हणावं ते एवढंच होतं.

मग डोंगराला वणवा लागला. फाल्गुनातली गोष्ट. मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. संध्याकाळी बघते तर सगळ्यांवर काळी राख. वर मान केली तर डोंगरावर लाल रेघ सरकत होती, जणू कुणी पेटती दोरी ओढत नेत होतं. गवतच ते, वाळलेलं, भराभर गेलं. कुरडया टाकाव्या लागल्या. आम्हाला वाटलं, गवत जळलं, पावसात परत येईल.

गवत आलं, पण त्याआधी पाऊस आला. उघड्या डोंगरावरची माती धुऊन खाली आली आणि कुंडात बसली. दिवाळीनंतर मालक वर जाऊन आले तर आसरांचे दगडसुद्धा मातीखाली होते, दोन टोकं तेवढी दिसत होती. फटीतून पाणी नाही. खाली गावातल्या विहिरीला कोण विचारतं आता, नळ आहेत, पण विहिरीचं पाणीही खाली गेलं.

त्याच सुमारास रविवारी रविवारी डोंगरावर माणसं यायला लागली. नेरूळचे एक निवृत्त काका होते, गुडघ्याला पट्टा बांधून यायचे. सानपाड्याच्या सोसायटीतल्या काही मुली होत्या. कुणी बँकेतले, कुणी कॉलेजातले. वनखात्याची परवानगी काढून ते उतारावर चर खणत होते, म्हणजे पाणी पळून जाऊ नये, जागीच मुरावं. ओहोळात दगड रचून छोटे बांध घालत होते. त्यांनी गावात विचारलं, झरा कुठे होता ते दाखवायला कुणी येईल का?

धाकटी गेली.

तिला बोलावं लागत नाही, ती बोलतेच. बारावी झालेली आहे, स्कूटर चालवते, सोसायटीच्या लोकांशी त्यांच्यासारखं बोलते. दोन रविवारांत ती त्यांच्यातली झाली. तिसऱ्या रविवारी तिने गुलाबी पट्ट्यांचे बूट आणले. तिचा फोन सारखा वाजायचा, "हो ताई, घमेली मी आणते", "हो काका, टेन्शन नका घेऊ". एक दिवस आमच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरूच्या बायकोने मला फोनवर व्हिडिओ दाखवला. झऱ्यापाशी उभी राहून धाकटी आसरांची माहिती सांगत होती. कुठल्या आसरेचा दगड कुठला, कुणाला हिरवी बांगडी, ओटीत खारीक का ठेवायची. हे सगळं सासूबाईंनी मला सांगितलेलं. धाकटीला मीच सांगितलं होतं, तांदूळ निवडताना. व्हिडिओत ती म्हणाली, "आमच्या घरात हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय."

खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. तरी मला असं झालं की तव्यावरची भाकरी करपली आणि मला वासही आला नाही.

पुढच्या रविवारी मीही गेले. कामाला गेले असं लोकांना वाटलं. खरं तर मला ती काय करते ते बघायचं होतं.

चर उताराला आडवा हवा, आणि सगळीकडे एका उंचीला. नाहीतर पाणी एका टोकाला जमतं आणि चर फोडून निघून जातं. त्यासाठी गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी होती. एक टोक एका काठीला, दुसरं दुसऱ्या काठीला. एकाने जागेवर उभं राहायचं, दुसऱ्याने काठी घेऊन पुढे जायचं आणि नळीतलं पाणी काठीवरच्या खुणेला आलं की ओरडायचं, "आलं!" मग तिसरा माणूस तिथे चुन्याच्या फक्कीने खूण करणार.

काकांनी एक काठी धाकटीला दिली आणि दुसरी मला. "दोघी जावा आहात, जमेल तुमचं," म्हणाले.

पाणी खुणेला यायचं, मी "आलं" म्हणायची. पण मी म्हणायची ते मलाच ऐकू यायचं. लांबून धाकटी विचारायची, "आलं का वहिनी?" तोवर माझा हात हललेला असायचा आणि पाणी खाली गेलेलं असायचं. मी मान हलवायची, ती मान बघून खूण करायला सांगायची. असं अर्ध्या उतारावर झालं. मग काकांनी खालून रेघ बघितली आणि कपाळाला हात लावला. रेघ नागासारखी वळवळत गेली होती.

"वहिनी, ओरडा ना जरा! इथे कोण झोपलंय?" धाकटी म्हणाली. सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

"सासूबाई ऐकतील म्हणून घाबरत असतील," सानपाड्याची एक मुलगी म्हणाली.

"सासूबाई जाऊन आता किती वर्षं झाली," धाकटी म्हणाली. "ह्यांचं हे जन्माचंच आहे. आमच्या घरात चोर शिरला ना, तर वहिनी त्याला हळूच सांगतील, बाबा जा."

परत हसले. मीही हसले, काय करणार. माझी काठी त्या मुलीला दिली. तिचा आवाज खणखणीत, रेघ सरळ आली. मला घमेल्यांच्या रांगेत उभं केलं. तिथे बोलायचं नसतं. इकडून घ्यायचं, तिकडे द्यायचं. मी दुपारपर्यंत माती पुढे ढकलत राहिले आणि दर घमेल्याला मनात धाकटीला काही ना काही म्हणत राहिले.

कुंडातली माती काढायला दोन महिन्यांचे रविवार गेले. खणायला मशीन नको, कातळाची फट बुजेल, असं काका म्हणाले, म्हणून सगळं हाताने. फटीच्या तोंडाशी धाकटी बसली होती. तिचे हात बारीक, आत जातात. एकदम ती म्हणाली, "हे काय आहे?" आणि आतून काहीतरी ओढायला लागली. कापड निघालं. काळं, कुजलेलं. त्याच्या मागे दुसरं. त्याच्या मागे तिसरं. खण होते. आमचे, ओटीचे. वर्षानुवर्षं बायका खण कुंडावर ठेवायच्या, वाऱ्याने उडू नये म्हणून फटीत सारायच्या. मी सारलेत, सासूबाईंनी सारलेत, सगळ्या गावाने सारलेत. त्यात बांगड्यांचे तुकडे, नारळ आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. वरून आलेली माती त्या कापडांनी धरून ठेवली होती, जसा नळाच्या तोंडाला बोळा.

रांगेशेजारी आमची चुलत सासू होती. म्हातारी, पण दर रविवारी वर यायची आणि दगडावर बसून सगळ्यांना बोलायची. ती उठली. "अगो, आसरांची लुगडी काढतंस? हात झडंल तुजा!"

"काकू, त्यांनाच गुदमरायला होत असेल ना आत," धाकटी म्हणाली.

"तुला येऊन सांगितलान?"

"मला नाही. पाणी बंद करून सांगितलं सगळ्यांना."

म्हातारी परत दगडावर जाऊन बसली. असं कुणी तिला गप्प केलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हातारीचा मला यायचा तो राग उठून धाकटीवर जाऊन बसला.

आता त्या खणांचं करायचं काय? देवीला वाहिलेलं, फेकता येत नाही. खाडीत सोडा म्हणालं कुणीतरी, पण पाणी घाण होईल म्हणून सानपाड्याच्या मुली तयार होईनात. मग धाकटी म्हणाली की जे धड आहेत ते धुऊन प्रसाद म्हणून घरोघर वाटू, आणि कुजलेले खड्ड्यात घालून त्यावर झाड लावू. आसरांचंच झाड होईल. म्हातारी म्हणाली, "झाड उंबराचा लावा मंग."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. घरी येऊन मी भाकरीचं पीठ मळत बसले आणि मनात एकच, हे मला का सुचलं नाही? ओटी माझी, खण माझे, फट माझी. मी तिथे रांगेत तिसरी उभी होते. मला सुचलं असतं तरी मी बोलले असते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

त्या चैत्रात ओटी झालीच नाही. पाणी नव्हतं. त्या पावसाळ्यात झाडं लावली, उंबर, जांभूळ, करंज. चरांत पाणी उभं राहिलं, दोन दिवसांत मुरलं, परत भरलं. गणपती गेल्यानंतर एका रविवारी धाकटी धावत खाली आली. बूट चिखलाने भरलेले.

"वहिनी, चला! चला लवकर!"

मी पिठाचे हात तसेच घेऊन गेले. फटीतून पाणी येत होतं. करंगळीएवढी धार, पण स्वच्छ. मी हात पुढे केला, पाणी थंड होतं, पीठ धुऊन गेलं. मला रडू आलं. आणि त्याच वेळी आत जळत होतं, कारण मागे काका धाकटीला म्हणत होते, "तुम्ही नसता तर हे झालं नसतं." पाणी आलं याचा आनंद आणि ते तिच्या हाताने आलं याची आग, दोन्ही एकाच पोटात होतं. तसं असू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर प्रश्न आला उन्हाळ्याचा. लावलेली झाडं पहिले दोन उन्हाळे जगली तर जगली. पायथ्याशी टाकी हवी, वरपर्यंत पाइप हवा. सगळे वर्तुळ करून बसले होते, कोण किती वर्गणी देणार यावर बोलत होते. धाकटी उठली.

"टाकी आणि पाइप आमच्या घरातर्फे," ती म्हणाली. "मोठ्या वहिनी आणि मी, दोघी मिळून. निम्मे त्यांचे, निम्मे माझे."

टाळ्या वाजल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मान खाली घालायची सवय, ती घातली, आणि सगळ्यांना वाटलं मी होकार दिला.

उतरताना मी तिला गाठलं. "अगं, माझ्याकडे कुठे एवढे पैसे?"

"मी भरते ना आत्ता. तुम्ही द्याल नंतर."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि नुसतं माझं एकटीचं नाव आलं असतं. ते बरं दिसलं असतं का? थोरल्या तुम्ही."

माझ्यासाठी केलं असं ती म्हणत होती. कदाचित केलंही असेल. पण मला त्यातलं एवढंच कळलं की आता मी तिची देणेकरी झाले. ज्या बाईचा मला हेवा वाटत होता, तिचेच पैसे माझ्या डोक्यावर.

रात्री मालकांना सांगितलं. ते जेवता जेवता म्हणाले, "घरातलेच पैसे. तिने दिले काय, तू दिलेस काय."

"मग तुम्ही द्या."

"टेम्पोचं काम निघालंय."

मी ठरवलं, हे पैसे माझ्या भाकऱ्यांतून फेडायचे. खानावळवाल्याला सांगून जास्तीच्या भाकऱ्या घेतल्या. सकाळी लवकर उठायची, चूल नाही, गॅसच आहे, पण दोन तवे तापले की स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला ठेवून वर नेऊन द्यायची. धाकटी दर वेळी तेच म्हणायची, "राहू द्या ना वहिनी. काय घाई आहे?" आणि न बघताच ड्रॉवरमध्ये टाकायची. न मोजता. माझ्या दोन तव्यांचा घाम तो, तिने एकदा मोजला असता तर? ती मोठं मन दाखवायची आणि मी तेवढीच लहान व्हायची.

चैत्र आला. पाण्याची धार बारीक झाली होती पण होती. ओटी भरायची ठरली. बायका माझ्याकडे विचारायला आल्या, ताट कधी काढणार? मी पायरीवर बसले होते. मला दिसत होतं की मी ताट घेऊन पुढे चालले आहे, वाटेत तिची टाकी, तिचा पाइप, आणि मागून ती येते आहे, जिचं माझ्यावर अजून निम्म्याहून जास्त देणं आहे. मी म्हणाले, "माझा गुडघा धरलाय."

धाकटी विचारायला खाली आली. "खरंच जमणार नाही?"

"नाही."

"मग मी भरू?"

"भर की."

ती गेली. मी दिवसभर घरात. गुडघ्याला काहीच झालं नव्हतं, म्हणून भांडी घासली, डबे पुसले, कोळिष्टकं काढली. डोंगरावरून बायकांचा गाण्याचा आवाज खाली येत होता. उन्हं कलल्यावर त्या उतरल्या. म्हातारी माझ्या दारात थांबली.

"बरी भरली गो तुज्या जावेनी. पाच जनींच्या फुडं गानंसुदा बोलली. तू कवा बोललीस नाय."

"मना काय गाता येतं?" मी म्हणाले.

"तेच सांगते मी."

धाकटीने ताट परत आणून दिलं, कारण ताट सासूबाईंचं, ते माझ्याकडे असतं. यंदापासून खण झऱ्यावर ठेवायचे नाहीत, दाखवून परत आणायचे आणि वाटायचे, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. ती वर गेल्यावर मी ताट बघितलं. कुंकू सांडलं होतं का? तांदूळ उरले होते का? निरांजन नेलं होतं का, की विसरली? मी सगळं तपासलं. काही विसरली नव्हती. खारीक सातच्या सात ठेवली होती. एखादी जरी गोष्ट चुकली असती तर मला त्या रात्री झोप लागली असती.

ते वर्ष मी फारशी वर गेले नाही. जास्तीच्या भाकऱ्या केल्या. झाडांना पाणी घालायला मात्र जायची, आडवारी, कुणी नसताना. झारीने उंबराला घालायची. उंबर वाढत होता. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं. पाइपची तोटी सोडताना दर वेळी वाटायचं, यातली निम्मी तोटी अजून माझी नाही.

पावसाळ्यात परत चर भरले. या वेळी झरा मार्गशीर्षात जोरात होता, माघातही होता. डोंगरावर बाकी कुठे कुठे गवत जळलं, पण आमच्या बाजूला रविवारी येणाऱ्या मुलांनी आधीच गवत कापून मोकळा पट्टा केला होता, आग तिथे थांबली. धाकटीचा परत व्हिडिओ निघाला. मी बघितला. जळले, पण पूर्वीसारखं भाकरी करपेपर्यंत नाही. किंवा तवा बंद होता म्हणून असेल.

चैत्राच्या आधी मी धाकटीला सांगितलं, "या वर्षी ताट मी धरणार."

ती म्हणाली, "मग दुसरं कोण धरणार?"

ओटीच्या दिवशी सकाळी शेवटचे पैसे माझ्याकडे होते. आदल्या दिवशी खानावळवाल्याने दिलेले. धाकटी स्कूटरची चावी घेऊन खाली आली, नारळ आणायला निघाली होती. मी तिला पायरीवर थांबवलं आणि पैसे हातात दिले.

"अहो राहू द्या, आज कशाला," ती पर्समध्ये टाकायला लागली.

"मोज," मी म्हणाले.

मला वाटतं मी बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाले, कारण वरून दिरांनी खिडकीतून बघितलं.

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मग चावी बाजूला ठेवली, पायरीवर बसली आणि बोट ओलं करून मोजायला लागली. एक एक नोट. मी समोर उभी. मध्येच थांबली, एक नोट उजेडात धरली, उलटी करून बघितली.

"ही फाटकी आहे वहिनी. ही कोण घेणार? बदलून द्या."

मी आत गेले, डब्यातून दुसरी नोट काढली आणि आणून दिली. तिने ती गठ्ठ्यात लावली, पहिल्यापासून परत मोजलं आणि पर्सची चेन ओढली.

"झाले," ती म्हणाली. "सगळे फिटले."